दिजाँमध्ये सात जणांचं फ्रेंच जेवण: मदत हवी आहे

रानजाई

नमस्कार मंडळी,

फ्रान्समधल्या दिजाँ शहरात येऊन आम्हाला दोन वर्षं झाली. नवऱ्याच्या प्रयोगशाळेतल्या दोन जोडप्यांनी या काळात आम्हाला कितीदा तरी घरी जेवायला बोलावलं, इस्त्रीचा टेबलक्लॉथ, मेणबत्त्या, एकामागून एक पदार्थ असं साग्रसंगीत. आता आमची पाळी. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी ते चौघं येतील. आम्ही दोघं आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई धरून सात पानं. सगळे म्हणतात भारतीय जेवण कर, पण मला या वेळी त्यांच्या बुर्गोन्य प्रांताचं जेवण नीट रांधून घालायचं आहे.

ठरवलंय ते असं: सुरुवातीला कीर (पांढऱ्या वाइनचं गोडसर पेय) आणि गुझेर (चीजचे फुगलेले गोळे), मग लीक विनेग्रेत (मोहरी-व्हिनेगरच्या ड्रेसिंगमधली पातीच्या कांद्यासारखी भाजी), मग कोक ओ व्हँ (लाल वाइनमधली कोंबडी) आणि बटाट्याचं ग्रातँ (दूध-क्रीममध्ये भाजलेल्या चकत्या), चीज, शेवटी चॉकलेट मूस.

अडचणी:

कोंबडी मागे एकदा पुस्तकात वाचून पावणेतीन तास शिजवली. मांस हाडांवरून गळून रश्श्यात विरघळलं आणि रस्सा मात्र आंबट, पाणचट. कुठे चुकलं?

सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडंही खात नाहीत. त्यांना वेगळं ताट दिल्यासारखं वाटू नये.

टेबलावर फुलं म्हणून शेवंती आणायची का? सध्या दुकानाबाहेर कुंड्यांच्या रांगा लागल्यात, स्वस्तही आहे.

आणि वाढायचं कसं? मी सगळ्यांना गरम गरम वाढून शेवटी बसेन म्हणते.

---

साखरभात

रानजाई, मी ल्योंला बावीस वर्षं आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं.

शेवटी बसू नका. इथे घरच्या बाईने काटा उचलल्याशिवाय पाहुणे घास घेत नाहीत. माझ्या पहिल्या जेवणाला मी आपल्या पद्धतीने स्वयंपाकघर ते टेबल फेऱ्या मारत होते आणि सहा माणसं हात टेबलावर ठेवून, थंड होत चाललेल्या ताटांसमोर माझी वाट बघत होती. एकानेही हात लावला नाही. तो प्रसंग आठवला की अजून पोटात कालवतं. म्हणून पदार्थ असे निवडा की पाहुणे आल्यावर तुम्हाला फार तर दोनदा उठावं लागेल. भांडं टेबलाच्या मधोमध ठेवा, ज्याचं तो घेईल. आणि "अजून एक घ्या ना" हा आपला आग्रह एकदाच करा. चीजचं ताट तर एकदाच फिरवतात. दुसऱ्यांदा फिरवलं की पोट भरलं नाही असा अर्थ निघू शकतो.

आता कोंबडी. जुन्या पाककृतींमधले तीन तास हे म्हाताऱ्या, चिवट कोंबड्यासाठी आहेत. हा पदार्थ जन्मलाच मुळी तसलं कडक मांस मऊ करायला. दुकानातली कोवळी कोंबडी त्यात टिकणार नाही. तंगड्या आणि मांड्याच घ्या, छातीचे तुकडे कोरडे पडतात. माणशी दोन तुकडे, म्हणजे सहा जणांना बारा. मंद आचेवर ५० मिनिटं ते तास. रस्सा हसला पाहिजे, उकळता कामा नये, असं माझी शेजारीण म्हणते: कडेने एखाद-दुसरा बुडबुडा, बस्स.

आंबटपणा वाइन आटवली नाही म्हणून आला. एक बाटली लाल वाइन (मध्यम किमतीची पिनो न्वार पुरे, भारी बाटली टेबलावर ठेवा) वेगळ्या पातेल्यात उकळून निम्मी करा. कोंबडी कागदाने टिपून कोरडी करा, नाहीतर ती परतली न जाता वाफेवर शिजते. लार्दोंची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या खारवलेल्या तुकड्यांची चरबी सुटली की त्यातच कोंबडी चांगली बदामी होईपर्यंत परता, घाई करू नका. मग कांदा, गाजर, लसूण, चमचाभर मैदा, आटवलेली वाइन, पाव लिटर स्टॉक आणि थाइम, तमालपत्र, पार्सलीचे देठ दोऱ्याने बांधलेली जुडी.

आणि हे सगळं शुक्रवारी करा. रात्रभर फ्रिजमध्ये राहिलं की चव मुरते, आपल्या मटणाच्या रश्श्यासारखीच. शनिवारी वर गोठलेली चरबी काढा, अगदी मंद गरम करा. मशरूम आणि छोटे कांदे मात्र शनिवारीच, आणि वेगवेगळे. मशरूम पसरट तव्यात थोडे थोडे टाका, एकदम ओतले तर पाणी सुटून रबरी होतात. कांदे लोणी, चिमूटभर साखर आणि जेमतेम बुडतील इतक्या पाण्यात. पाणी संपेपर्यंत ते काचेसारखे चकचकीत होतात. रस्सा पातळ वाटला तर समप्रमाणात लोणी-मैदा बोटांनी मळून त्याच्या गोळ्या सोडा.

ग्रातँमध्ये चीज घालू नका. हा दोफिने भागाचा पदार्थ आहे, १७८८ मध्ये गाप शहरातल्या एका मेजवानीच्या संदर्भात त्याचं नाव पहिल्यांदा येतं. जुन्या पद्धतीत बटाटा, दूध, क्रीम, लसूण, जायफळ, एवढंच. अंडंही नाही, म्हणजे सासूबाईंना चालेल. सव्वा किलो शार्लोत बटाटे, ३ मिलिमीटरच्या चकत्या. चकत्या धुऊ नका, त्यांच्या पिठानेच दूध दाट होतं. भांड्याला आतून लसूण चोळा. १६० अंशांवर सव्वा ते दीड तास.

शेवंतीबद्दल: कृपा करून आणू नका. १ नोव्हेंबरला तूसँ, म्हणजे सर्व संतांचा दिवस असतो, त्या दिवशी लोक आपल्या माणसांच्या थडग्यांवर शेवंती ठेवतात. त्या कुंड्या त्यासाठीच आल्यात. सणासुदीला शेवंतीच्या माळा लावणाऱ्या आपल्याला हे पचायला जड जातं, मलाही गेलं. डेलिया घ्या, नाहीतर आयव्हीच्या वेली पसरा. उंची कमी ठेवा, समोरच्याचा चेहरा दिसला पाहिजे. मेणबत्त्या बिनवासाच्या.

---

मेथीकूट

सासूबाईंसाठी थोडं, कारण माझी आई दर उन्हाळ्यात इथे असते.

चीजकडे नीट बघा. काँते काय किंवा एपवास काय, ही चीजं वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. वेष्टनावर 'प्रेझ्यूर' शब्द दिसला तर त्यांना विचारून मगच द्या. गुझेरमध्ये काँते आणि अंडी दोन्ही असतात, त्यामुळे त्यांच्यासमोर मीठ लावून भाजलेले बदाम ठेवा, बाकीचेही उचलतील. दिजाँ मोहरीच्या बरणीवरही वाचा, पांढरी वाइन असते पुष्कळदा.

कोंबडीच्या जागी छोटे कांदे, मशरूम, गाजर, उकडलेले चेस्टनट असं भाज्यांच्या स्टॉकमध्ये त्याच जुडीबरोबर शिजवा, वाइन न घालता. (तासभर शिजवूनही वाइनमधला सगळा अल्कोहोल उडत नाही.) तसंच झाकणाचं भांडं, तसाच रंग. वेगळं ताट वाटणार नाही.

मूसमध्ये कच्ची अंडी असतात. त्याऐवजी सगळ्यांनाच पेअर करा. सहा पेअर वाइन, दालचिनी आणि संत्र्याच्या सालीत शिजवून, आणि एक साखरेच्या पाकात केशर घालून. सगळ्यांत देखणं त्यांचंच दिसेल.

---

चाफेकळी

गुझेरबद्दल एकच: पहिली वीस मिनिटं ओव्हनचं दार उघडायचं नाही, फुगलेले बसतात. कच्चे गोळे आधीच गोठवून ठेवता येतात, थेट भाजायचे.

कीरमध्ये आधी ग्लासात क्रेम द कासिस (काळ्या करंटचं गोड मद्य), मग त्यावर थंडगार आलिगोते (इथली पांढरी वाइन). एकास चार-पाच. फेलिक्स कीर १९४५ ते १९६८ दिजाँचे महापौर होते आणि शहरात येणाऱ्या पाहुण्यांना हेच पेय द्यायचे, म्हणून त्याला त्यांचं नाव पडलं. दिजाँकरांना हे कौतुक सांगायची गरज नाही, पण कासिस दिजाँमधलाच आणा, त्यांच्या लक्षात येईल.

पाहुणे ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांनी येतील. ती रीतच आहे, घाबरू नका.

---

रानजाई

साखरभात, मेथीकूट, चाफेकळी, मनापासून आभार. काल झालं जेवण.

कोंबडी शुक्रवारी केली, ५५ मिनिटं. मांस मऊ आणि तरी हाडाला धरून. वाइन आटवल्यावर आंबटपणा खरंच गेला, रश्श्याचा रंग जांभळ्यावरून पिकलेल्या जांभळाच्या सालीसारखा काळपट झाला. मी दोनदाच उठले: एकदा ग्रातँ काढायला, एकदा पेअर आणायला. बाकी अडीच तास बसून होते. पहिल्यांदा काटा उचलताना सगळे माझ्याकडे बघत होते, तेव्हा तुमचं म्हणणं कळलं.

ग्रातँ सासूबाईंनी तीनदा घेतलं. जायफळामुळे त्यांना बासुंदीची आठवण आली म्हणे. त्यांचा केशरी पेअर बघून नवऱ्याच्या वरिष्ठांनी (साठीचे आहेत, जन्म इथलाच) कृती मागितली. त्या मराठीत सांगत होत्या, नवरा भाषांतर करत होता, आणि ते गृहस्थ केशराची डबी हुंगत "किती वेळ भिजवायचं?" विचारत होते. तोवर त्यांनी पावाच्या तुकड्याने ताटलीतला रस्सा इतका स्वच्छ पुसला होता की ती धुवायला नको.

डेलिया मिळाले, गर्द लाल.

साखरभात, वाटीभर रस्सा उरलाय. त्याचं काय करू?

---

साखरभात

वाचून फार आनंद झाला.

तो रस्सा म्हणजे बुर्गोन्यचं खरं धन आहे. गाळून गरम करा. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून अंडी फोडून सोडा, तीन मिनिटांत काढा, पिवळं पातळ राहिलं पाहिजे. पाव लोण्यावर खरपूस करून त्याला लसूण चोळा, त्यावर अंडं आणि वरून रस्सा. 'आँ मरेत' म्हणतात याला. आज रात्रीच करा, आणि या वेळी दोघांनीच बसून खा.