जड अनिल, निष्क्रिय वायू की राजवायू?

खानापूरकर: मुलगी कन्नड माध्यमात, नववीला. तिच्या वहीत हेलियमला 'जड अनिल' लिहिलंय. हेलियम जड कसा वो? फुगा सुटला की आभाळात जातोय. आमच्या मराठी शाळेत 'निष्क्रिय वायू' होता. बरोबर कुठला?

निपाणीकर: दोन्ही चालतात. कन्नडात वायूला 'अनिल', आणि तिथला 'जड' म्हणजे वजनदार नव्हे, अचेतन. वजनाला त्यांचा 'भार' आहे. मूळ संस्कृत अर्थ आपल्याकडं 'जडवाद', 'जड-चेतन' एवढ्यात उरला. बाकी पोतं जड, डोकं जड. (माझे मामा अनिल. त्यांच्या वजनाबद्दल इथं बोलत नाही.)

टिळकवाडी मास्तर: 'निष्क्रिय' मला खटकतो, आळशाचा ठपका ठेवल्यासारखा. ठपका जुनाच म्हणा. हवेतून काढलेला नायट्रोजन रसायनांतून काढलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड (इथं मराठी जड!) भरत होता, त्या फरकाचा माग काढत रॅले आणि रॅम्झी या शास्त्रज्ञांना 1894 मध्ये हेलियमच्याच कुळातला आरगॉन सापडला, आणि नाव ठेवलं ते ग्रीक 'आर्गोस'वरून, म्हणजे आळशी.

आता हे वायू दुसऱ्या मूलद्रव्यांशी संयोग का पावत नाहीत? 'बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन झाले की अणू समाधानी' हे पाठांतराला बरं, कारण म्हणून लंगडं. हेलियमला तर दोनच असतात. खरं असं की भरलेल्या कवचातले इलेक्ट्रॉन केंद्रकानं घट्ट धरलेले असतात. हेलियमचा एक काढायला मोलमागं (म्हणजे अणूंच्या एका ठरावीक संख्येमागं) 2372 किलोज्यूल लागतात, सगळ्या मूलद्रव्यांत सर्वाधिक. बाहेरून एक घ्यावा तर त्याला जागा पुढच्या, लांबच्या कवचात. तिथवर केंद्रकाची ओढ पुरत नाही. देणं परवडत नाही, घेतलेलं टिकत नाही.

उद्यमबाग: आम्ही 'आरगन' म्हणतो. स्टेनलेसच्या वेल्डिंगला तापल्या धातूपासून हवा लांब ठेवतोय. निष्क्रिय कसला, राखणदार हाय की!

निपाणीकर: महाराष्ट्राच्या पुस्तकात 'राजवायू' आहे, 'राजधातू'च्या चालीवर. मला तोच पटतो. सोनं सहसा कशाला दाद देत नाही म्हणून राजधातू, तरी अम्लराजात (तीव्र अम्लांच्या मिश्रणात) विरघळतंच. इथंही तसंच झालं. प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड ऑक्सिजनच्या रेणूतूनसुद्धा इलेक्ट्रॉन ओढून घेतं, हे रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेटनं पाहिलं. याच कुळातल्या झेनॉनचा इलेक्ट्रॉन काढायला जवळपास तेवढीच ऊर्जा लागते, कारण अणू मोठा, बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब. म्हणून 1962 मध्ये त्यानं झेनॉनवर तोच प्रयोग केला आणि नारिंगी-पिवळं संयुग हाती आलं. त्यानंतर 'निष्क्रिय' सरसकट म्हणता येत नाही. 'राज' म्हणायला हरकत नाही. राजाही क्वचित कुणाला भेटतोच.

टिळकवाडी मास्तर: मान्य. जाता जाता, 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणात लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक (प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारं उपकरण) घेऊन आपल्या शेजारच्या जमखंडीत होते. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांत त्यांना लाल, नारिंगी, निळी अशा रेषा दिसल्या. नारिंगी रेषा त्यांनी सोडियमची धरली. ती हेलियमची होती.

खानापूरकर: जमखंडी तर मुलीचं आजोळ! हे सांगितल्यावर पोरगी पहिल्यांदा पुस्तक घेऊन आपणहून बसली. पेपरात मात्र 'जड अनिल'च लिहू दे, मार्क त्यालाच आहेत.