गेन कानाने लावायचा की मीटरने?

खर्जवेडा: गाडीतल्या ॲम्पवरचा (ॲम्प्लिफायरवरचा) गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. डेकमधून (गाडीतल्या म्युझिक प्लेअरमधून) येणाऱ्या व्होल्टेजशी ॲम्पचा मेळ घालायला ते दिलेलं असतं. तरी लोक ते फुल्ल फिरवतात, वर बास बूस्ट चढवतात आणि सबची (खर्जाच्या स्पीकरची) कॉइल जळाली की सबच्याच नावाने खडे फोडतात. माझं मत: मीटरशिवाय गेनला हात लावू नये. सबच्या वायरी काढा, बूस्ट शून्य, इक्वलायझर फ्लॅट, डेकचा आवाज पाऊण. 50 हर्ट्झचा टोन लावा. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. 500 वॉट आणि 4 ओहमला साधारण 44.7 व्होल्ट एसी. ॲम्पच्या आउटपुटवर मीटर तेवढं दाखवेपर्यंत गेन वाढवा, तिथेच थांबा.

जुना कान: सब काढून मोजलंत, म्हणजे ॲम्पवर लोडच नाही. लोड आला, बॅटरीचं व्होल्टेज बसलं, की तोच ॲम्प त्या आकड्याच्या आधीच क्लिप होऊ शकतो, म्हणजे तरंगाचे माथे कापायला लागतो. मीटरला ते दिसतं का? तो नुसता आकडा दाखवतो. मी गेन हळूहळू वाढवतो, बास फाटला की मागे येतो. झालं काम.

खर्जवेडा: फाटलेला ऐकू येईपर्यंत थांबता, हाच तर वांधा आहे! खर्जातलं थोडं क्लिपिंग कानाला कळत नाही. चालत्या गाडीत तर विसराच.

तिसरा वायर: दोघेही क्लिपिंगला धरून बसलात. कॉइलला तरंगाचा आकार कळत नाही, तिला उष्णता कळते. 200 वॉटचा ॲम्प पार चौकोनी होईपर्यंत क्लिप केला तरी फार तर दुप्पट, 400 वॉट. 1000 आरएमएसच्या (सलग पेलणाऱ्या वॉटच्या) सबला ते काहीच नाही. उलट 1000 वॉटचा एकदम स्वच्छ ॲम्प 300 च्या सबला आरामात भाजून काढेल. आणि खर्जवेडे साहेब, मीटरने गेन लावून झाल्यावर कोणी बूस्ट 6 डीबी चढवला, तर त्या पट्ट्यात चौपट पॉवर मागितली जाते. मग तुमच्या 44.7 चं काय?

खर्जवेडा: बूस्टचं मान्य, म्हणून तर तो शून्यावर ठेवा म्हटलं. आरएमएस ॲम्प आणि सब यांपैकी ज्याचा कमी, तोच सूत्रात घालायचा, हे लिहायला हवं होतं.

जुना कान: अजून एक. कॉइल तापली की तांब्याचा रेझिस्टन्स वाढतो, 150 अंशांनी तापली तर जवळपास 60 टक्के. बास आपोआप बसतो. लोकांना वाटतं आवाज कमी पडला, आणि ते अजून वाढवतात. बास असा दबायला लागला किंवा जळका वास आला, की मी आधी ॲम्प बंद करतो. तुमचा मीटर तेव्हा डॅशबोर्डच्या खणात असतो.

तिसरा वायर: मग गेन लावताना मीटर वापरायला काय हरकत आहे?

जुना कान: वापरतो की. फ्यूज तपासायला.