मदत हवी आहे: वेस्टवुड स्टुडिओजच्या जुन्या सीडी, आठ संगणकांवर रेड अलर्ट आणि प्रदर्शनाच्या फलकासाठी पक्की यादी

तापीकाठ (चोपडा)

राम राम मंडळी. मे महिन्यात वाचनालयाच्या सभागृहात जुन्या संगणक-खेळांचं प्रदर्शन आहे. विषय एकच ठेवलाय: वेस्टवुड स्टुडिओज, म्हणजे कमांड अँड कॉन्करसारखे खेळ करणारी जुनी अमेरिकन कंपनी. मुलांना खेळता यावं म्हणून आठ संगणक लावणार. सगळे विंडोज १० चे, ६४ बिट, ४ जीबी रॅम, ग्राफिक्स बोर्डावरचंच.

सीडी आहेत त्या अशा: कमांड अँड कॉन्कर (दोन), पहिला रेड अलर्ट (दोन), रेड अलर्ट २ (दोन), ब्लेड रनर (चार) आणि लँड्स ऑफ लोअर (एक). काहींवर बारीक ओरखडे आहेत.

अडचणी:

१. पहिल्या रेड अलर्टचा सेटअप उघडतच नाही. हे अ‍ॅप या पीसीवर चालणार नाही, एवढाच संदेश येतो.

२. रेड अलर्ट २ एका मशीनवर इन्स्टॉल केला आणि तोच फोल्डर पेनड्राइव्हने बाकीच्यांवर टाकला. एका ठिकाणी 'फेटल, स्ट्रिंग मॅनेजर' अशी चूक येते. दुसऱ्या ठिकाणी खेळ सुरू होतो, पण अर्ध्या मिनिटात आपला सगळा बेस आपोआप उडतो. मूळ मशीनवर मेनू काळा दिसतो, बटणं अंदाजाने दाबावी लागतात.

३. लॅनवर कुणालाच कुणी दिसत नाही.

४. ब्लेड रनर कसा चालवायचा?

५. फलकासाठी वेस्टवुडच्या खेळांच्या तीन याद्या मिळाल्या, तिन्ही वेगळ्या. एकीत कमांड अँड कॉन्कर मालिकेतला जनरल्स आहे, एकीत आय ऑफ द बिहोल्डरचे तिन्ही भाग. नक्की काय लिहायचं?

लळिंगचा_पहारेकरी (धुळे)

इन्स्टॉल, कॉपी सगळं थांबवा आणि आधी प्रत्येक सीडीची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल असलेली फाइल, करून घ्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो. पत्र्याच्या छताखाली सीडी ड्राइव्ह दिवसभर फिरत ठेवला तर आधीच ओरखडलेली सीडी वाचायला तो आणखी कुरकुर करणार. प्रदर्शनात मूळ सीडी फक्त काचेखाली दिसाव्यात.

इमेजसाठी यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या, जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये सहज मिळेल. सीडी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून धुवा आणि मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल पुसू नका. गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो, त्यामुळे सलग डेटा जातो आणि चूकदुरुस्तीलाही तो भरून काढता येत नाही. आडव्या ओरखड्यात प्रत्येक फेरीतला थोडाच भाग बिघडतो. छापील बाजूला मात्र जपा. डेटाचा थर लेबलच्या अगदी खाली असतो. तिथे खरवडलं तर उपाय नाही.

विंडोजवर इमेजबर्न वापरा आणि वाचण्याचा वेग ८ एक्सवर आणा. जिथे अडकेल ती सीडी लिनक्सच्या डीडीरेस्क्यूने काढा: ब्लॉक साइज २०४८, पहिल्या फेरीत अवघड भाग सोडून पुढे जायचं, मग फक्त राहिलेल्या भागांवर तीन प्रयत्न. मॅप फाइल जपून ठेवा, म्हणजे दुसऱ्या ड्राइव्हवर तिथूनच पुढे चालू करता येतं. एका ड्राइव्हला न वाचता आलेला सेक्टर दुसरा बऱ्याचदा वाचतो.

आता पहिली अडचण. रेड अलर्टचा इन्स्टॉलर १६ बिटचा आहे आणि ६४ बिट विंडोज १६ बिट प्रोग्रॅम चालवतच नाही. कम्पॅटिबिलिटीचे पर्याय बदलून काही होणार नाही, त्यात वेळ घालवू नका. इन्स्टॉलर वगळून पुढे जायचा मार्ग आहे, तो खाली कुणीतरी सांगेलच.

गिरणाथडी (चाळीसगाव)

रेड अलर्ट २ चं सांगतो. तुमच्या बहुतेक अडचणी फोल्डर कॉपी केल्यामुळे आल्या आहेत.

या खेळाचं सगळं साहित्य मिक्स नावाच्या फाइलींत असतं आणि त्यांचे हेडर ब्लोफिश पद्धतीने एनक्रिप्ट केलेले असतात. ते उघडायला ब्लोफिश डॉट डीएलएल विंडोजमध्ये नोंदवलेली लागते आणि ती नोंद इन्स्टॉलर करतो. नुसता फोल्डर नेला की नोंद मागेच राहते. मग लँग्वेज डॉट मिक्स उघडत नाही, आतली मजकुराची फाइल मिळत नाही आणि स्ट्रिंग मॅनेजरची चूक येते. कॉपी करताना लँग्वेज डॉट मिक्स अर्धवट आली असेल तरी हीच चूक दिसते, म्हणून दोन्हीकडे फाइलचा आकार ताडून बघा.

अर्ध्या मिनिटात बेस उडणं ही कॉपी संरक्षणाची युक्ती आहे. आरए२ डॉट एक्सई हा लाँचर तपासणी करून गेम डॉट एक्सई सुरू करतो. सरळ गेम डॉट एक्सई चालवली, किंवा सिरीयल क्रमांकाची नोंद नसली, की खेळ सुरू होऊ देतो आणि मग सगळं उडवतो. त्या मशीनमध्ये दोष काही नाही.

काळा मेनू: हा खेळ १६ बिट रंगांत चालतो आणि चित्र दाखवायला विंडोजचं जुनं डायरेक्टड्रॉ वापरतो. नव्या विंडोजवर ते नीट चालत नाही, मेनूच्या खिडक्या चित्राच्या मागे राहतात. सीएनसी-डीडीरॉ नावाचं मोफत साधन घ्या आणि त्याची डीडीरॉ डॉट डीएलएल आणि डीडीरॉ डॉट आयएनआय खेळाच्या फोल्डरमध्ये टाका. आयएनआयमध्ये विंडोड आणि फुलस्क्रीन दोन्ही ट्रू ठेवा, म्हणजे चित्र पडदाभर ताणलं जातं आणि खेळातून बाहेर-आत करताना तो अडकत नाही. मेनटास ट्रू केलं की रणगाडे चपटे दिसत नाहीत.

रिझोल्यूशन आरए२ डॉट आयएनआय मधल्या व्हिडिओ विभागात स्क्रीनविड्थ आणि स्क्रीनहाइट लिहून बदलतं. पडद्याचं पूर्ण रिझोल्यूशन देऊ नका, सैनिक मुंगीएवढे होतात. १२८० बाय ७२० मुलांना बरं. मेनू मात्र ८०० बाय ६०० चाच राहतो.

इन्स्टॉल प्रोग्रॅम फाइल्समध्ये नको, सी ड्राइव्हवर गेम्स नावाचा फोल्डर करा. खेळ आपली सेटिंग आणि सेव्ह स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहितो आणि प्रोग्रॅम फाइल्समध्ये विंडोज ते लिहू देत नाही.

लॅन: रेड अलर्ट २ आयपीएक्स हा जुना नेटवर्क प्रोटोकॉल शोधतो, तो मायक्रोसॉफ्टने व्हिस्टापासून काढून टाकला. आयपीएक्सचं यूडीपीत रूपांतर करणारी डब्ल्यूसॉक३२ डॉट डीएलएल सीएनसीनेट या चाहत्यांच्या गटाने केली आहे. ती खेळाच्या फोल्डरमध्ये ठेवली की काम होतं. सगळीकडे व्हर्जन १.००६ हवं.

पण सिरीयल क्रमांक प्रत्येक मशीनला वेगळा लागतो आणि तुमच्याकडे एकच संच आहे. रेड अलर्ट २ मोफत केलेला नाही, २०२४ पासून तो स्टीमवर विकत मिळतो. माझं स्पष्ट मत: रेड अलर्ट २ एकाच मशीनवर, संगणकाविरुद्ध खेळायला ठेवा आणि आठ जणांच्या सामन्याला पहिला रेड अलर्ट घ्या. पहिले दोन खेळ ईएनेच (इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, वेस्टवुड पुढे विकत घेणारी कंपनी) मोफत केलेत, कमांड अँड कॉन्कर २००७ मध्ये आणि रेड अलर्ट २००८ मध्ये.

तापीकाठ (चोपडा)

एकदम पटलं. मग पहिला रेड अलर्ट आठ मशीनवर कसा बसवायचा? सभागृहात इंटरनेट नाही, आठ पोर्टचा स्विच आहे.

गिरणाथडी (चाळीसगाव)

ओपनआरए घ्या. मुक्त स्रोताचं आहे, आयपीएक्स नाही, सिरीयल नाही. रेड अलर्ट, टायबेरियन डॉन (म्हणजे पहिला कमांड अँड कॉन्कर) आणि ड्यून २००० तिन्ही त्यात चालतात.

घरी इंटरनेट असेल तिथे एका मशीनवर बसवा. पहिल्यांदा उघडल्यावर तो खेळाच्या फाइली मागतो. क्विक इन्स्टॉल दिलं तर मोफत फाइली उतरवतो. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन तुमच्या सीडीची इमेज माउंट करून दिलीत, तर संगीत आणि मधले व्हिडिओही त्यातून घेतो. १६ बिट इन्स्टॉलरची गरजच उरत नाही.

मग अ‍ॅपडेटा, रोमिंग, ओपनआरए, कंटेंट या वाटेवरचा आरए फोल्डर जसाच्या तसा बाकीच्या सात मशीनवर त्याच जागी टाका. इथे फोल्डर कॉपी चालते, कारण कुठलीच नोंद विंडोजमध्ये होत नाही. आठही ठिकाणी ओपनआरएचं रिलीज एकच हवं, नाहीतर सर्व्हर दिसतो पण आत घेत नाही. खेळ उघडताच ग्राफिक्सची चूक आली तर डिव्हाइस मॅनेजर बघा. तिथे मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर दिसत असेल तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही.

आता स्विच. राउटर नसल्याने कुणी आयपी पत्ता वाटणार नाही. हाताने द्या: १९२.१६८.१.११ ते १९२.१६८.१.१८, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा. गेटवे नसल्यामुळे विंडोज या जाळ्याला अनोळखी, म्हणजे पब्लिक समजतं. फायरवॉलमध्ये ओपनआरएला फक्त प्रायव्हेटची खूण केली तर काहीच चालत नाही, पब्लिकचीही करा. निम्मी मंडळी इथेच अडकतात आणि केबल बदलत बसतात. सर्व्हरचा पोर्ट १२३४. यादीत सामना दिसला नाही तर पत्ता आणि पोर्ट टाकून थेट जोडता येतं. आठही पोर्ट मशीनांनीच भरतील, मध्येच नववं काही जोडायचं झालं तर दुसरा स्विच लागेल.

स्विच आणि सर्व्हरचं मशीन यूपीएसवर ठेवा. लाईट गेली तर सात मशीन परत येतील, सामना नाही येणार.

आणि फलकावर लिहा की हा मूळ प्रोग्रॅम नाही, नव्याने लिहिलेला आहे. ओपनआरएमध्ये युनिटांची ताकद आणि काही नियम बदललेत. मूळ चाल कशी होती हे दाखवायला एका मशीनवर मूळ खेळच असू द्या.

लळिंगचा_पहारेकरी (धुळे)

ब्लेड रनरसाठी स्कमव्हीएम, म्हणजे जुने खेळ नव्या मशीनवर चालवणारा मोफत प्रोग्रॅम, २.१ किंवा त्यापुढचा. चारही सीडींच्या फाइली एकाच फोल्डरमध्ये घ्यायच्या, पण एक खोच आहे: सीडीफ्रेम्स डॉट डीएटी या एकाच नावाची फाइल चारही सीडींवर आहे आणि चौघींत मजकूर वेगळा. डोळे झाकून कॉपी केलं तर दुसरी पहिलीवर बसते आणि शेवटी चौथीच उरते. खेळ सुरू होतो, पण पुढे पात्रांच्या फ्रेम्स मिळत नाहीत. प्रत्येक सीडीची फाइल आधी सीडीफ्रेम्स१, सीडीफ्रेम्स२ अशी चारपर्यंत नाव बदलून घ्या, मगच एकत्र करा.

लँड्स ऑफ लोअरची एकच सीडी आहे म्हणजे तो १९९३ चा पहिला भाग, त्याची आवाजासहित आवृत्ती. राजा रिचर्डचा आवाज पॅट्रिक स्टुअर्टचा आहे, हेडफोन ठेवाच. तोही स्कमव्हीएममध्ये चालतो. १९९७ चा दुसरा भाग चार सीडींचा, तो त्यात चालत नाही.

पाटणादेवी (जळगाव)

फलकाचं मी सांगते. 'वेस्टवुड' हे नाव एका नाही, दोन चमूंचं होतं. हे धरलं की याद्यांमधला गोंधळ सुटतो.

मूळ चमू लास वेगासचा. ब्रेट स्पेरी आणि लुई कॅसल यांनी १९८५ मध्ये वेस्टवुड असोसिएट्स म्हणून सुरू केला. आरंभीचं बरंचसं काम दुसऱ्यांचे ८ बिट खेळ १६ बिट मशीनवर आणण्याचं. मग एसएसआय या खेळ-प्रकाशक कंपनीसाठी आय ऑफ द बिहोल्डर, पहिले दोन भाग, दोन्ही १९९१. तिसरा एसएसआयने स्वतः केला, तो यादीतून काढा. १९९२ मध्ये व्हर्जिन या खेळ-प्रकाशकाने वेस्टवुड घेतली आणि त्याच वर्षी ड्यून २ आला. तळ बांधा, मसाला (या खेळातली संपत्ती) गोळा करा, त्याच पैशातून रणगाडे काढा आणि हे सगळं माउसने, शत्रू थांबलेला नसताना: पुढचे सगळे खेळ या साच्यावर उभे आहेत. जो बॉस्टिक आणि एरन पॉवेल या ड्यून २ च्या रचनाकारांची नावं इथे हवीतच. नावात '२' का, असं मुलं विचारतील. व्हर्जिननेच त्याच वर्षी फ्रान्सच्या क्रायो कंपनीचा ड्यून काढला होता, म्हणून.

पुढे किरँडियाचे तीन भाग (१९९२ ते १९९४), लायन किंगचा कन्सोलवरचा खेळ (१९९४), कमांड अँड कॉन्कर (१९९५), रेड अलर्ट (१९९६), ब्लेड रनर (१९९७), टायबेरियन सन (१९९९), नॉक्स (२०००), रेनेगेड आणि अर्थ अँड बियाँड (२००२). संगीतासाठी फ्रँक क्लेपाकी. कमांड अँड कॉन्करच्या व्हिडिओंत केन या खलनायकाचं काम करणारे जो कुकन हे त्या व्हिडिओंचे दिग्दर्शकही होते. हे लिहा, लोकांना केन आठवतो, दिग्दर्शक आठवत नाही.

दुसरा चमू कॅलिफोर्नियात अर्व्हाइनचा. ऑगस्ट १९९८ मध्ये ईएने वेस्टवुड १२.२५ कोटी डॉलरला घेतली, त्यात व्हर्जिनचा तिथला स्टुडिओही आला आणि त्याचं नाव झालं वेस्टवुड पॅसिफिक. रेड अलर्ट २ (२०००) आणि युरीज रिव्हेंज (२००१) यांनी केले. पुढे हाच चमू ईए पॅसिफिक झाला आणि त्या नावाने २००३ मध्ये जनरल्स काढला. म्हणून जनरल्स वेस्टवुडच्या यादीत नको. त्याचं इंजिन रेनेगेडच्या इंजिनातून वाढलेलं आहे, हे हवं तर टीप म्हणून द्या. 'ड्यून २०००' या खेळाच्या नावापुढे मात्र 'लंडनच्या इंटेलिजंट गेम्ससोबत' असं लिहा.

रेनेगेड आणि अर्थ अँड बियाँड अपेक्षेइतके चालले नाहीत. जानेवारी २००३ मध्ये बंदची घोषणा झाली आणि ३१ मार्चला लास वेगासचं दार बंद झालं. बऱ्याच जणांना लॉस एंजेलिसला बोलावलं, काही गेले नाहीत आणि त्यांनी लास वेगासमध्येच पेट्रोग्लिफ ही कंपनी काढली. कमांड अँड कॉन्करच्या २०२० च्या रीमास्टर्ड संचाचं काम याच पेट्रोग्लिफकडे आलं, क्लेपाकीसकट. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईएने टायबेरियन डॉन, रेड अलर्ट, रेनेगेड आणि जनरल्सचा सोर्स कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला केला. कॉलेजची मुलं येणार असतील तर त्याची दोन पानं छापून लावा.

ब्लेड रनरचं नशीब तसं नव्हतं. त्याचा मूळ कोड आणि मूळ चित्रसाहित्य हरवलं. आज तो चालतो तो बाजारात विकल्या गेलेल्या प्रती लोकांनी उलगडून, एकेक फाइल समजून घेऊन. तुमच्या त्या चार सीडी मधल्या कपाटात ठेवा.

तापीकाठ (चोपडा)

मंडळी, खूप आभार. डीव्हीडी ड्राइव्ह उद्याच मागवतो, आधी इमेज करतो, मग ओपनआरए. पाटणादेवीताई, रेड अलर्ट २ च्या फलकावर कंपनीचं नाव 'वेस्टवुड पॅसिफिक' लिहू की दोन्ही?

पाटणादेवी (जळगाव)

'वेस्टवुड पॅसिफिक, अर्व्हाइन' एवढंच. खोक्यावर वेस्टवुड स्टुडिओजचं चिन्ह आहे, म्हणून खाली बारीक अक्षरात 'वेस्टवुड स्टुडिओज या नावाखाली' असं द्या.