अनुभव धागा : रात्रीची लक्षणं आणि मधुमेह

आपल्या किनारपट्टीवर रात्री घाम आला, घसा कोरडा पडला, दोनदा उठावं लागलं तर "उकाडो आसा" म्हणून विषय मिटतो. त्यामागे साखर निघाल्याचं ज्यांनी घरात पाहिलंय, त्यांनी कृपया लिहा. वाचून कोणीतरी वेळेत तपासणी करेल. सुरुवात मी करते.

वेंगुर्ला : बाबा रात्री चारचारदा लघवीला उठायचे. उशाशी भरून ठेवलेला तांब्या पहाटेपर्यंत रिकामा. सगळे प्रोस्टेट धरून बसले होते. आईने मात्र न्हाणीच्या कोपऱ्यात मुंग्यांची रांग पाहिली आणि रक्त तपासायला लावलं. उपाशीपोटी साखर 212 (126 किंवा जास्त म्हणजे मधुमेहाच्या पातळीत). डॉक्टरांनी सांगितलं, रक्तात साखर साधारण 180च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषता येत नाही. ती लघवीत उतरते, सोबत पाणी ओढून नेते, म्हणून तहान. अशा वेळी पाणी तोडू नका, शरीर आणखी सुकतं.

मालवण : आमच्याकडे उलटं झालं, साखर उतरली. सासूबाई ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) घेतात. हरतालिकेला कडक उपवास, गोळी मात्र नेहमीसारखी. मध्यरात्री झोपेत बडबडायला लागल्या. हाक मारली तर भलतंच उत्तर. बाहेर पाऊस, हवेत गारवा, वर पंखा, तरी पाठ घामाने चिंब आणि हात बर्फासारखे. उकाड्याच्या घामात अंग असं गार लागत नाही. मीटरवर 52. गिळता येत होतं म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, 84. मग पेज भरवली. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. आता उपवासाआधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी नाही, आणि हे मी सासूबाईंना ठणकावून सांगितलंय.

हर्णै : बोटीवर आहे. आडवं झालं की तळपाय पेटतात, चादर लागलेली सोसत नाही. दिवसा कामात एवढं जाणवत नाही. साखरेने नसा दुखावल्यात. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) बरीच वर्षं चालू, त्याने बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं म्हणून तेसुद्धा तपासायला सांगितलं, तेही कमी निघालं.

गुहागर : लहान मुलांचंही लिहिते. बहिणीचा मुलगा दुसरीत, अंथरूण ओलं करणं कधीच सुटलेलं, ते परत सुरू झालं. ओरडा खाल्ला बिचाऱ्याने. सारखं पाणी मागायचा, कपडे सैल व्हायला लागले. मग उलट्या आणि धापा. टाइप 1 मधुमेह (यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही), रक्तात आम्ल वाढलेलं. तातडीने दाखल करून सलाइन आणि इन्सुलिन सुरू केलं. मूल असं अचानक अंथरुणात करायला लागलं तर त्याच दिवशी बोटातून रक्त काढून साखर बघा. दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.