फिटरने आधी पीएलसी शिकू नये

दादा, नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीत इतकी वर्षं मेकॅनिकल मेंटेनन्स केल्यावर आता पीएलसीचा (मशीन आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रॅमेबल कंट्रोलरचा) छोटा कोर्स करू की इलेक्ट्रिकलचं रीतसर शिक्षण घेऊ, असं तुम्ही विचारलंय. वरच्या उत्तरांत बहुतेकांनी पीएलसी सुचवलं. मला ते पटत नाही.

मोटर ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, की बेअरिंग जाम आहे हे तुम्ही आवाजावरून सांगाल. पण वीजपुरवठ्याच्या तीन फेजपैकी एक गेला असेल तर? उरलेल्या दोन फेजवर करंट वाढतो, वाइंडिंग जळतं. म्हणून आधी क्लॅम्प मीटर (करंट मोजायला), मेगर (इन्सुलेशन तपासायला), ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटर बंद करणारा) आणि स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टात नेणारा) हातात बसू द्या. स्टारमध्ये सुरुवातीचा लाइन करंट डेल्टाच्या एक तृतीयांश का होतो, हे कळलं की पॅनलचा नकाशा वाचता येतो. पीएलसी त्यानंतर.

वायरिंगची कामं अंगावर घ्यायची असतील तर सरकारी वायरमन किंवा सुपरवायझरचं प्रमाणपत्र लागतं. खासगी क्लासचा कागद तिथे चालत नाही. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड २ वर्षांचा आहे, शिफ्ट सांभाळून जमेल का ते आधी घरी बोला. आणि ४१५ व्होल्टच्या पॅनलला लॉकआउट केल्याशिवाय, म्हणजे सप्लाय बंद करून कुलूप लावल्याशिवाय, हात लावू नका, सुपरवायझर कितीही घाई करो.