मूडी म्हणजे मुळात शूर?

मूडी हा शब्द कुठून आला कुणी सांगेल का? 'साहेब जरा मूडी आहेत, बघून विचार' असं आपण सर्रास म्हणतो. इंग्रजी मोड (mode) या शब्दाशी काही नातं आहे का?

-----

मोडशी नातं आहे ते फक्त व्याकरणातल्या मूडचं, म्हणजे आज्ञार्थ विध्यर्थ वगैरे. तो लॅटिनच्या 'मोदुस'वरून आला आणि पुढे मनाच्या मूडसारखा लिहायला लागले. मनाचा मूड मात्र अस्सल जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातला, जुन्या इंग्रजीत त्याचं रूप 'मोड' (mod, वरचा mode नव्हे) आणि अर्थ मन, हिंमत, कधी गर्व, आणि त्यावरून झालेला 'मोडिग' म्हणजे शूर, ताठ कण्याचा माणूस! जर्मनमधे आजही मूट म्हणजे धैर्य आणि मूटिश म्हणजे धाडसी, आणि त्याच मूटपासून होखमूट म्हणजे गर्व, डेमूट म्हणजे नम्रता, श्वेअरमूट म्हणजे खिन्नता, एकाच शब्दातून केवढं निघालंय बघा.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण ९९१ सालच्या माल्डनच्या लढाईवरच्या जुन्या इंग्रजी काव्यातलं. इंग्लंडमधल्या एसेक्समधे व्हायकिंगांशी लढताना सरदार बिर्टनॉथ पडतो, हरणार हे दिसतंय, तरी एक म्हातारा योद्धा उरलेल्यांना सांगतो की आपलं बळ जसं कमी होईल तसा 'मोड' वाढला पाहिजे. तिथे मूड म्हणजे निव्वळ छाती! आणि त्याच काव्यात शत्रूला खाडी ओलांडून येऊ देणाऱ्या बिर्टनॉथला दोष देताना 'ओफरमोड' शब्द आलाय, म्हणजे अती मोड, फाजील अभिमान. मला वाटतं अर्थ घसरला तो याच बाजूने, आधी गर्विष्ठ, मग हट्टी, रागीट, आणि शेक्सपिअरच्या काळापर्यंत उदास, घुम्या.

-----

भारी माहिती! म्हणजे मूडीला लहरी म्हणणं चूक का मग?

-----

चूक नाही, आजच्या मराठी वापरात लहरीच बरोबर. फक्त इंग्रजीत मूडी म्हटलं की बऱ्याचदा तोंड पाडून बसलेला, कुढा माणूस असतो, तिथे लहरी लिहिलं तर अर्थ हलका होतो. आणि जुन्या 'मोडिग'ला मला एकच शब्द सुचतो, मनस्वी. मूळ एक नाही हं दोघांचं, पण घडण तीच, मन वरून मनस्वी तसं मोड वरून मोडिग, आणि मनाचा पक्का, मानी हा भावही तोच. जुन्या काव्याचा अनुवाद करताना कुणी तिथे लहरी घातला तर त्या योद्ध्यांवर अन्यायच होईल.