लोंबती तार ‘निरुपयोगी ओझे’ होती, या विधानास माझा आक्षेप

ध्वनिलहरी (धागाकर्ता)

अमेरिकन वैमानिक अमेलिया इअरहार्ट १९३७ साली ज्यात बेपत्ता झाली, त्या शेवटच्या उड्डाणाविषयी उड्डाणप्रेमी यांनी गेल्या आठवड्यात लिहिलेल्या लेखातील एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. ‘रिळावर गुंडाळलेली अडीचशे फूट तार आणि तिच्या टोकाचे वजन हे निरुपयोगी ओझे होते, ते उतरवून ठेवले हा शहाणपणाच झाला,’ असे ते वाक्य आहे. ती तार म्हणजे उडताना विमानामागे सोडायचे रेडिओचे एरियल. त्याखाली बऱ्याच जणांनी होकार भरलेला पाहिला आणि सविस्तर उत्तर द्यायचे ठरवले.

जहाजे संकटाच्या वेळी वापरत त्या ५०० किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी ६०० मीटर असते. तिच्यासाठी पाव लांबीची म्हणजे १५० मीटरची तार असावी, असा साधा हिशेब आहे, आणि इअरहार्टच्या लॉकहीड इलेक्ट्रा विमानाच्या पंखांच्या दोन टोकांमधले अंतर तर जेमतेम १७ मीटर. मग तार ताणायची कुठे? ती मागे हवेत सोडायची, हा एकच मार्ग त्या काळी होता, आणि पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यावर नजर ठेवणारी इंग्रजी विमाने सुमारे १२० फूट तांब्याची तार शिशाचे वजन लावून सोडत असत, तेव्हापासून तो रुळलेला होता. इलेक्ट्राची अडीचशे फूट, म्हणजे ७६ मीटरची तार १५० मीटर नव्हती हे मान्य, परंतु तार निम्मी केली की प्रारण-रोध, म्हणजे तारेची लहर बाहेर फेकण्याची क्षमता, चौथाईवर येतो. लोंबती तार काढून पाठीवरच्या व्ही आकाराच्या एरियलवर ५०० चे काम ढकलले, तेव्हा पन्नास वॅटांच्या प्रक्षेपकाची जवळजवळ सगळी शक्ती कॉइल तापवण्यात जाणार हे ठरूनच गेले. जोसेफ गर या तंत्रज्ञाने ते एरियल वाढवून दिले होते, तरी दहा-वीस फुटांनी ६०० मीटरच्या लहरीला काय होणार?

२ जुलै १९३७ रोजी न्यू गिनीतील लाएहून निघालेले विमान प्रशांत महासागरातील ४,१०० किलोमीटरवरच्या, दोन-अडीच किलोमीटर लांबीच्या हाऊलंड बेटाकडे येत होते. तेथे थांबलेल्या इटास्का या तटरक्षक जहाजाचा दिशाशोधक, म्हणजे रेडिओ लहर कोणत्या बाजूने येते हे सांगणारे यंत्र, ज्या पट्ट्यात चालत होता, त्यात ५०० होते, इअरहार्ट ज्यावर बोलत होती ते ३१०५ किलोहर्ट्झ नव्हते. सकाळी ७ वाजून ४२ मिनिटांनी ती म्हणाली की आम्ही तुमच्या माथ्यावरच असायला हवे, पण तुम्ही दिसत नाही आणि इंधन संपत आले आहे. तिचा आवाज त्या वेळी जहाजावर अगदी खणखणीत येत होता, आणि तरीही तो कोणत्या दिशेने येतो हे जहाजावरच्या एकालाही सांगता आले नाही. ते सांगू शकणारी वस्तू हजारो मैल मागे काढून ठेवलेली होती, आणि तिला आपण निरुपयोगी म्हणतो आहोत.

उड्डाणप्रेमी

माझे वाक्य आपण अचूक उद्धृत केलेत, मात्र त्याच्या आधीचा परिच्छेद गाळलात. मी लिहिले होते की रीळ फिरवायला माणूसच उरला नव्हता. मार्चमधील पहिल्या प्रयत्नात हॅरी मॅनिंग हा मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची तारभाषा, उत्तम जाणणारा गृहस्थ बरोबर होता. २० मार्चला होनोलुलूच्या ल्यूक फील्डवर विमान घसरून मोडले आणि त्यानंतर तो मोहिमेतून गेला. १ जूनला इअरहार्ट मायामीहून पुन्हा निघाली तेव्हा विमानात फक्त ती आणि दिशादर्शक फ्रेड नूनन होते, आणि मोर्सचा सराव दोघांनाही नव्हता. ५०० ही त्या काळी मोर्सची लहर. जी भाषा येत नाही, तिचे बाड उराशी घेऊन महासागर ओलांडायचा का?

तार असली म्हणजे काम झाले, हाही भ्रम आहे. मार्च १९२९ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियन वैमानिक चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ ‘सदर्न क्रॉस’ घेऊन सिडनीजवळच्या रिचमंडहून इंग्लंडकडे निघाला. विमानात वायरलेस ऑपरेटर होता, लोंबते एरियलही होते, आणि उड्डाणानंतर थोड्याच वेळात ते तुटून गेले. पुढे हवामान वाईट आहे हा इशारा त्यामुळे पोहोचला नाही, वाट चुकली, आणि विमान वायव्य ऑस्ट्रेलियातील किंबर्लीच्या चिखलात उतरवावे लागले. प्रक्षेपकाचे जनित्र वाऱ्यावर फिरणारे असल्याने जमिनीवरून संदेशही पाठवता येईना. ते बारा दिवसांनी सापडले. त्यांना शोधायला निघालेले कीथ अँडरसन आणि हिचकॉक मात्र तनामीच्या वाळवंटात पाण्यावाचून मेले. तारेवर विसंबून राहिल्याने काय होते, याचे हे उदाहरण आपण विचारात घ्यावे.

दर्यावर्दी

उड्डाणप्रेमी, आपण दिलेल्या उदाहरणातून उलटच निष्कर्ष निघतो. तार तुटते, तेव्हा ती तुटली आहे हे ओळखून दुसरी सोय करणारा माणूस लागतो. मी तेवीस वर्षे व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो, खलाशी आम्हाला मार्कोनीसाब म्हणत, म्हणून या विषयावर थोडे अधिकाराने लिहितो.

आमच्या रेडिओरूमच्या भिंतीवर जे घड्याळ असे, त्याच्या तबकडीवर पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस या मिनिटांचे दोन तुकडे लाल रंगवलेले असत. काटा लाल तुकड्यावर आला की ५०० वर संपूर्ण जगाने गप्प बसायचे आणि केवळ ऐकायचे, कारण कोठेतरी दुबळ्या बॅटरीवर कोणी मदत मागत असेल. ती तीन मिनिटे मी हजारो वेळा ऐकली आहेत. सुरुवातीला कानात नुसती खरखर येते, आणि काही महिन्यांनी त्या खरखरीतूनही काय खरे आणि काय भास ते कळू लागते. पावसाळ्यात डोलकाठ्यांमधल्या एरियलच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरांवर मिठाचा थर बसे आणि शक्ती गळू लागे, म्हणून मी स्वतः वर चढून गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने ते पुसत असे. हे काम कोणत्याही नियमावलीत माझ्या नावावर नव्हते.

१ फेब्रुवारी १९९९ पासून नवी सागरी संकटयंत्रणा पूर्णपणे लागू झाली आणि आमची गरज संपली. माझ्या कंपनीने एका पानाच्या पत्रात ते कळवले. इअरहार्टच्या मोहिमेत १९३७ साली जे एका विमानात घडले, तेच पुढे सगळ्या जहाजांवर घडले असे मला वाटते: आधी माणूस उतरवला, आणि मग त्याची हत्यारे निरुपयोगी ठरवली.

किनारपट्टी

दर्यावर्दी काका, आपल्याविषयी आदर राखून तीव्र असहमती नोंदवतो. माझा सख्खा मावसभाऊ ज्या मालवाहू जहाजावर होता, ते अरबी समुद्रात रात्री बुडू लागले तेव्हा कोणाला मोर्सची चावी बडवायला उसंतच नव्हती. पाण्यात पडताच आपोआप चालू होणाऱ्या बीकनचा संदेश उपग्रहाने पकडला आणि पहाटे सगळे सुखरूप निघाले. लाल तुकड्यांच्या घड्याळाची आठवण कितीही सुंदर असली, तरी त्या रात्री जवळच्या जहाजावरचा एखादा ऑपरेटर झोपलेला असता तर मावशीच्या घरी काय झाले असते? माणूस थकतो आणि चुकतो. आपल्या नोकरीचे दुःख मी समजू शकतो, पण त्यासाठी माणसे वाचवणाऱ्या यंत्रणेला नावे ठेवू नयेत.

दर्यावर्दी

मी यंत्रणेला नावे ठेवली हे माझ्या कोणत्या वाक्यात दिसले, ते दाखवावे. आपला भाऊ वाचला याचा मला आनंद आहे. परंतु बीकन चुकून वाजला की संकट खरे आहे, हे शेवटी किनाऱ्यावरचा कोणीतरी माणूसच ठरवतो, आणि खोटे इशारे किती येतात हे त्या टेबलावर बसलेल्यांना विचारावे. ‘नोकरीचे दुःख’ हे शब्द मला लागले. नोकरी मला दुसरी मिळाली. ऐकण्याचे कौशल्य कोणाकडे सोपवून जावे, असा माणूस मात्र मिळाला नाही.

किनारपट्टी

शब्द लागले असतील तर ते मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही.

ध्वनिलहरी

दोघांनाही विनंती आहे की हाऊलंडकडे परत यावे. उड्डाणप्रेमींचा मोर्सचा मुद्दा वरवर भक्कम दिसतो, पण दिशा शोधायला मोर्स लागतच नाही. कळ दाबून ठेवायची आणि सलग लहर जाऊ द्यायची, इतके पुरे असते. त्या सकाळी आठच्या सुमारास इअरहार्टने नेमके तेच केले आणि ३१०५ वर लांब डॅश पाठवले. त्या लहरीवर दिशा घेण्यासाठी बेटावर उसना आणलेला एक प्रायोगिक शोधक ठेवला होता, आणि रात्रभराच्या वापराने त्याच्या बॅटऱ्या उतरलेल्या होत्या. तेच डॅश ५०० वर, ७६ मीटर तारेतून गेले असते, तर जहाजाच्या नेहमीच्या शोधकाने ते पकडले असते.

शिडी आणि तार

मी हॅम, म्हणजे हौसेने रेडिओ चालवणारा आहे. पुण्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवरून शेजारच्या आंब्यापर्यंत मी एकेचाळीस मीटर तार बांधली होती आणि सोसायटीने ती पंधरा दिवसांत उतरवायला लावली, त्यामुळे लांब तारेची बाजू घ्यायला मला कोणी सांगायला नको. तरीही ध्वनिलहरी यांच्या मांडणीत एक भोक आहे. विमान वेगात असताना तार सरळ खाली लोंबत नाही, ती मागे जवळजवळ आडवी तरंगते. आडव्या तारेतून निघालेल्या लहरीचे ध्रुवीकरण (कंपनाची दिशा) अंशतः आडवे असते, आणि फिरत्या लूपच्या, म्हणजे कड्यासारख्या एरियलच्या, शोधकाला ते फसवते. या चुकीला ‘एरोप्लेन इफेक्ट’ असे नावच होते. लहर ५०० ची आहे म्हणून दिशा आपोआप अचूक मिळाली असती, हे गृहीत धरता येणार नाही.

ध्वनिलहरी

हा आक्षेप योग्य आहे, परंतु तो येथे थोडाच लागू पडतो. ती चूक मोठी होते ती विमान उंचावर आणि शोधकाच्या जवळ असताना. इअरहार्टने स्वतःच १,००० फुटांवर उडत असल्याचे सांगितले होते, आणि बेटावरून कोणालाच विमान दिसले नव्हते, म्हणजे ते काही अंतरावर होते. क्षितिजालगतच्या त्या कोनात आणि खाऱ्या पाण्यावरून येताना आडवा घटक फारसा उरत नाही. सूर्यही उगवून वर आला होता, त्यामुळे रात्री आकाशातून परावर्तित होऊन येणाऱ्या लहरींचा गोंधळ ओसरलेला असणार.

शिडी आणि तार

कोनाचा मुद्दा मान्य करतो. काही अंशांची चूक तरीही राहिली असती.

उड्डाणप्रेमी

समजा इटास्काला दिशा मिळाली. ती इअरहार्टला सांगणार कशी? तिला जहाजाचे बोलणे ऐकूच येत नव्हते. लाएच्या उड्डाणाच्या चित्रफितीवरून काही अभ्यासकांचा तर्क आहे की पोटाखालचे एरियल धावपट्टीवरच तुटले, आणि तो खरा असो वा नसो, पूर्ण सकाळभरात तिने ऐकले ते फक्त ७५०० वरचे मोर्समधले एक अक्षर, आणि त्यावर तिच्या लूपला किमान बिंदू, म्हणजे आवाज सर्वांत क्षीण होतो ती दिशा, सापडला नाही. त्याच ७५०० वर इटास्काने मोर्समधून दिशा कळवली असती, तर ती वाचणार कोण? फिरून आपण मॅनिंगपाशीच येतो. दर्यावर्दी काकांनी माझे उदाहरण उलटवले त्याचा मला राग आला होता, परंतु या ठिकाणी त्यांचे म्हणणे मला स्वीकारावे लागते.

डकोटाची मुलगी

माझे वडील हवाई दलात डकोटा या वाहतुकीच्या विमानावर सिग्नलर होते. उतरण्यापूर्वी तार आत ओढून घेणे हे त्यांचे काम. ते सांगत की रिळाचा आवाज बदलला की वजन तोंडाशी आले हे आकडा न बघताही कळे. एकदा वादळी हवेत वैमानिकाने घाईने उतरायचे ठरवले, तार अर्धीच आत आली होती, आणि धावपट्टीच्या अलीकडच्या झाडांत ती अडकून तुटली. खाली गुरे चरत होती. कोणाला लागले नाही, पण त्या शिशाच्या वजनाने एखादा गुराखी मेला असता, हे वडिलांना आयुष्यभर टोचत राहिले. तुटून उरलेला तुकडा त्यांनी घरी आणला होता. बारीक पिळाची, तेलकट लागणारी ती तार आई परसात कपडे वाळत घालायला वापरत असे आणि ती कधी गंजली नाही.

उड्डाणप्रेमींचे ‘ओझे’ मला म्हणूनच समजते. ती तार म्हणजे प्रत्येक उड्डाणात लक्षात ठेवायची एक जास्तीची गोष्ट होती, आणि चोवीस तास जागे असलेल्या दोन थकलेल्या माणसांनी ती कशी सांभाळली असती, हा प्रश्न मला खरा वाटतो.

ध्वनिलहरी

ताई, आपला अनुभव वाचून मी माझा पहिला लेख पुन्हा तपासला. तार असती तर विमान हाऊलंडला उतरले असते असा सूर त्यात आहे आणि तो मी मागे घेतो. परंतु एक गोष्ट सोडत नाही. शेवटचा संदेश ८ वाजून ४३ मिनिटांनी आला आणि मग इटास्का शोधायला निघाली, ती वायव्येकडे, कारण त्या बाजूला ढग दिसत होते आणि ढगांमुळेच विमान बेट चुकले असेल असा अंदाज होता. हातात दिशेची एक रेघ असती, काही अंश चुकलेली का होईना, तर जहाज ढगांच्या मागे गेले नसते. ती रेघ वाचायला इअरहार्टला मोर्स येण्याची गरज नव्हती. ती इटास्काला हवी होती.

उड्डाणप्रेमी

एवढ्यापुरते मान्य. माझ्या लेखातून ‘निरुपयोगी’ हा शब्द काढतो. ‘ओझे’ राहील.

दर्यावर्दी

रेघ एकच मिळाली असती, तर विमान तिच्यावर कोठे आहे हे कळायला दुसरे जहाज लागले असते, आणि त्या जहाजावर त्याच क्षणी ५०० वर ऐकत बसलेला माणूस. ध्वनिलहरींनी तोही हिशेब करावा.